काकूंच्या कोंबड्या आणि अप्पांचे पाहुणे

तळ्याकाठच्या तंबूंमध्ये एक रात्र मुक्काम करून निघालेल्या एका गृहस्थाने गाडीत बसता बसता अप्पांना सांगितलं, "शांतता छान आहे तुमच्याकडे. पण शांततेशिवाय दुसरं काहीच नाही."

गाडी गेली. धूळ खाली बसली. अप्पा मात्र दुपारच्या जेवणापर्यंत खाली बसले नाहीत. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात त्यांची उभी हयात गेली होती. लोकांचा संताप कानाला रिसीव्हर लावून ऐकायचा आणि शेवटी "आपली तक्रार नोंदवली आहे" असं गोड आवाजात म्हणायचं, ही कला त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की घरात काकू "नळ गळतोय" म्हणाल्या तरी अप्पांच्या तोंडून तेच निघायचं. पण ही तक्रार नोंदवून विसरण्यातली नव्हती. खात्याविषयी कुणी काही बोललं तर माणूस कानाआड करतो. हे तंबू त्यांचे स्वतःचे होते.

काकूंच्या माहेरून आलेल्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने तंबू ठोकले होते. दोन खोल्यांचं घर, लांबट स्वयंपाकघर, मागे न्हाणीघरांची रांग आणि समोर तळं. पाहुणे येत, राहत, आभार मानत आणि पुन्हा येत नसत. पलीकडच्या काठावर कुणीतरी पोहण्याचा हौद आणि रंगीत दिवे असलेलं हॉटेल काढलं होतं. संध्याकाळी तिथलं हसणं पाण्यावरून तरंगत इकडे यायचं. लेक फोनवर स्पष्टच म्हणायची, "हा हंगाम बघा, नाहीतर गाशा गुंडाळा आणि माझ्याकडे राहायला या." तंबूवाल्याला गाशा गुंडाळायला सांगणं यात तिला काही विनोद दिसत नसे. अप्पांना तर मुळीच नाही.

"आपण कोंबड्या पाळू," काकू वाटाणे सोलता सोलता म्हणाल्या.

"कशाला?"

"सकाळी ताजी अंडी होतील. शिवाय डोळ्यांना काहीतरी हलतं-फिरतं दिसेल. आपल्याकडे वाऱ्याने तंबूसुद्धा हलत नाहीत, इतके तुम्ही ते घट्ट बांधलेत."

अप्पांनी ही सूचना ताबडतोब उडवून लावली. चारच्या चहापर्यंत तिचा विचार केला. आणि दिवस मावळता मावळता कंपाउंडच्या बुटक्या भिंतीपाशी उभे राहून शेजारच्या निवृत्त फौजदारांना सांगितलं, "मी कोंबड्या पाळायचं ठरवलंय." बायकोची कल्पना नवऱ्याच्या डोक्यात मुरायला साधारण एवढाच वेळ लागतो.

फौजदारांनी झारी खाली ठेवली. त्यांना फुलझाडांचा नाद होता, आणि सल्ला देण्याचा त्याहून जास्त.

"कोंबडा घेताय ना?"

"अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, असं मी वाचलंय."

"अंड्यांसाठी नाही लागत. शिस्तीसाठी लागतो," फौजदार म्हणाले. "कोंबड्याशिवाय कोंबड्या म्हणजे पोलीस नसलेला चौक. माझं ऐका."

अप्पांनी ऐकलं. न ऐकण्याचं शिक्षण त्यांना फक्त फोनवरचं होतं.

पण आधी खुराडं. ते विकत आणायचं सोडून स्वतःच्या हाताने बांधायचं, असं अप्पांनी मनावर घेतलं. करवत, हातोडी आणि अंगठा यांचा बराच काळ संघर्ष झाला. अखेर चार खांबांवर उभं असलेलं, उतरतं छप्पर, दोन खिडक्या आणि चढायला फळीचा जिना असलेलं खुराडं तयार झालं. गावातला सुतार ते बघायला मुद्दाम आला. त्याने भोवती सावकाश एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "काम मजबूत आहे. साफ करायला हात कुठून घालणार?" तो विचार राहून गेला होता. तरीही त्याच आठवड्यात मुक्कामाला आलेल्या एका नवविवाहित जोडप्याने त्या खुराड्याकडे बोट दाखवून विचारलं, "ती वरची खोली मोकळी आहे का?" तेव्हा सुताराने केलेली जखम बरीचशी भरून आली.

मग काकू बाजारातून कोंबड्या घेऊन आल्या. नवऱ्याच्या कचेरीतल्या गोष्टी जन्मभर ऐकल्यामुळे त्यांना नावं शोधावी लागली नाहीत. छाती पुढे काढून नुसतीच हिंडणारी आणि कुठलंच काम न करणारी तांबूस कोंबडी, ती हेडक्लार्क. दिवसभर टकटक चोच मारत राहणारी टायपिस्ट. जिने नुसती मान वर केली की बाकीच्यांनी दाण्यावरून बाजूला व्हायचं, ती पांढरी स्वच्छ मोठ्या मॅडम. आणि मोजायला गेलं की हटकून कमी भरणारी ती रजेवरची. कोंबड्याला मात्र कुणी नाव ठेवलं नाही, कारण तो तेवढा टिकला नाही.

त्याचं असं झालं, की त्याला उजाडण्याची घाई फार. अंधार पुरता असतानाच तो आरवायला लागे आणि मग प्रत्येक तंबूतून खोकल्याचे आणि चेन उघडण्याचे आवाज येत. अप्पांनी त्याच्यावर डालं पालथं घातलं. डाल्याखालून तो अधिक घुमून आरवला. त्यावर घोंगडी टाकली. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही" या म्हणीचा अप्पांनी लहानपणी वाक्यात उपयोग करून दाखवला होता आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. त्या गुणांची किंमत त्यांना आता कळली. शेवटी ज्याने शिस्तीचा सल्ला दिला होता त्यालाच ती शिस्त भेट द्यावी, या विचाराने कोंबडा भिंतीपलीकडे फौजदारांकडे रवाना झाला. तिथे मात्र तो शहाण्यासारखा सूर्य बघून आरवू लागला. फौजदार म्हणाले, "बघा, माणसावर असतं."

कोंबड्यांनी खुराडं पाहिलं, जिन्याचा वास घेतला आणि संध्याकाळ होताच रांगेने तिसऱ्या तंबूत जाऊन बसल्या. त्या तंबूत हिशेब तपासणीच्या खात्यातल्या एक उंच बाई उतरल्या होत्या. आल्या तेव्हा त्यांनी तंबूच्या शिवणी तपासल्या होत्या, चहात साखर किती हे विचारलं होतं, आणि अप्पा त्यांच्याशी बोलताना नकळत सावधान उभे राहत होते. सकाळी त्या बाई एका पायात बूट आणि एका हातात बूट अशा अंगणात आल्या. अप्पांनी घसा साफ करून "आपली तक्रार" एवढं म्हटलंच होतं, तोवर बाईंनी हातातला बूट पुढे केला. आत एक गुलाबीसर अंडं होतं.

"हे माझं आहे का?" त्यांनी विचारलं.

प्रश्नाचा नीट अर्थ अप्पांना लागेना. उत्तर काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून दिलं, "तुमच्या बुटात घातलंय म्हणजे तुमचंच. उकडून देऊ की पोळा करू?"

बाईंनी ते कोमट अंडं गालाला लावलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या आकड्यांत चुका शोधणारा तो कडक चेहरा हळूहळू असा सैल पडला, की अप्पांना भलतीकडे बघावं लागलं. बाईंनी मुक्काम वाढवला. जाताना मैत्रिणींना सांगितलं. मैत्रिणींनी आणखी कुणाकुणाला.

आणि लोक यायला लागले. अप्पांनी पहिल्या दिवसापासून खांबावर नियमांचा फलक लावला होता. तो कुणी वाचत नसे. सगळे काकूंच्या मागे मागे हिंडत. काकूंच्या हातात दाण्यांचं टोपलं आणि पायात जुन्या चपला. त्यांना भाषण येत नव्हतं. एकदा एक बडे साहेब आले, ते फोन कानापासून काढीनातच. तळ्याकडे पाठ करून तासन्‌तास हुकूम सोडत बसले. बायको बिचारी एकटीच पाण्यात पाय सोडून बसलेली. काकू कोंबडी घेऊन साहेबांजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "जरा हिला धरता? दोन्ही हातांनी हं. मी आलेच." आणि हेडक्लार्क त्यांच्या मांडीवर ठेवून स्वयंपाकघरात निघून गेल्या. फोन वाजला. साहेबांनी कोंबडीकडे पाहिलं, कोंबडीने साहेबांकडे पाहिलं. फोन वाजून वाजून बंद पडला. थोड्या वेळाने त्यांची बायको येऊन शेजारी बसली आणि तिने कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. सूर्य बुडेपर्यंत ती दोघं तशीच बसून होती. वाजणारा फोन एका माणसाने शांतपणे वाजू दिला, हे दृश्य टेलिफोन खात्याच्या सेवकाने आयुष्यात प्रथमच पाहिलं.

"तू परत का नाही गेलीस त्यांच्याकडे?" अप्पांनी विचारलं.

"मला कुठे काय काम होतं," काकू म्हणाल्या.

पण सुखाच्या पोटात तक्रारीच असतात. लवकरच एक नवी तक्रार सुरू झाली, जी अप्पांनी पूर्वी कधी ऐकली नव्हती. "काल पाच नंबरात कोंबडी गेली, आमच्याकडे नाही आली." "आम्ही बूट बाहेर काढून ठेवले होते, रिकामेच राहिले." एका आजींनी तर मोठ्या मॅडमनी आपल्याकडे बघून मान फिरवली, हे मनाला लावून घेतलं. अप्पांमधला कर्तव्यदक्ष नोकर जागा झाला. त्यांनी कोंबड्यांना तंबू वाटून द्यायचा प्रयत्न केला, दाण्यांच्या रेघा ओढल्या. कोंबड्यांनी रेघा खाल्ल्या आणि मनाला येईल तिकडे गेल्या. तेव्हा अप्पांनी जे केलं, ते त्यांच्यासारख्या सरळ माणसाला शोभणारं नव्हतं. तांबडं फुटता फुटता ते फ्रिजमधली अंडी एका पिशवीत घेऊन निघाले आणि ज्या तंबूंवर अन्याय झाला होता तिथल्या बुटांत एकेक ठेवू लागले.

चौथ्या तंबूतले मुख्याध्यापक लवकर उठणारे होते.

"अप्पा," ते पांघरुणातूनच म्हणाले, "माझ्या बुटात तुमचा हात आहे."

अप्पांनी हात काढला. अंडं आतच राहिलं. मुख्याध्यापकांनी ते उचललं, कानशिलाला लावलं आणि न्याहारीच्या वेळी सगळ्यांसमोर गंभीरपणे सांगितलं, "अंडं बर्फासारखं आहे. कोंबडीला फार थंडी वाजत असणार."

त्यानंतरचं हसणं तळ्यापलीकडे पोचलं असावं. अप्पा सामानाच्या खोलीत जाऊन दोरखंडांच्या वेटोळ्यावर बसले आणि दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. अंगठ्यावर हातोडी बसते तेव्हा निदान फुंकर तरी घालता येते. अब्रूवर फुंकर कुठे घालणार? काकू चहा घेऊन आल्या.

"तुम्ही स्वतःच अंडं घालायला गेला होतात, असं म्हणताहेत सगळे."

"म्हणू दे."

"रागाने नाही म्हणत. मुख्याध्यापक आणखी दोन दिवस राहणार आहेत." काकू दोरखंडाच्या दुसऱ्या वेटोळ्यावर बसल्या. "अहो, कोंबडी कुठे जाणार ते आपण ठरवायला लागलो तर मजा काय राहिली? घरी त्यांचं सगळं ठरलेलंच असतं की."

अप्पा चहा प्यायले. एवढी साधी गोष्ट या बाईला कुठून कळते, हा प्रश्न त्यांना पडला. संसारात तो यापूर्वीही पडायला हरकत नव्हती.

पुढचं संकट भिंतीवरून आलं. कोंबडा फौजदारांकडे गेला होता, त्यामुळे कोंबड्यांचं भिंतीपलीकडे जाणं-येणं सुरू झालं. आणि आलोच आहोत तर म्हणून त्यांनी फौजदारांचे वाफे मन लावून उकरले. फौजदारांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला आणि तसं स्वतः येऊन सांगितलंही. "मैत्री मैत्रीच्या जागी, अप्पा. अर्ज अर्जाच्या जागी." अर्जावरून निरीक्षक आले. सडपातळ, अबोल, काखेत नियमांचं पुस्तक. तिसऱ्या तंबूत कुणाच्या तरी उशीवर टायपिस्ट झोपलेली त्यांनी पाहिली.

"मुक्कामी पाहुणे आणि पक्षी यांच्यामध्ये कुंपण पाहिजे," ते म्हणाले. "महिन्याभराने येतो. कुंपण नसेल तर मुक्काम बंद करावा लागेल."

अप्पा मुदत वाढवून मागायला कचेरीत गेले. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने जेवायला गेलेल्या तिसऱ्याकडे. शेवटी एका तरुण कारकुनाने मान वर न करता, अगदी गोड आवाजात सांगितलं, "काका, आपली तक्रार नोंदवली आहे." अप्पांनी खुर्चीचा हात धरला. मग "आभारी आहे" म्हणून बाहेर पडले. मुलाने सूर बरोबर लावला होता.

येताना त्यांनी जाळी आणली आणि खुराड्याभोवती उंच कुंपण घातलं. कोंबड्यांना आत सोडलं. हेडक्लार्क पहिल्याच उडीत वरच्या तारेवर बसली आणि दुसऱ्या उडीत बाहेर. बाकीच्या मागोमाग. अप्पांनी त्यांना पुन्हा पुन्हा पकडून आणलं, कपडे काट्यांत फाडून घेतले. मग वरूनही जाळी टाकली. तेव्हा कोंबड्या कोपऱ्यात फुगून बसल्या. अंडी थांबली. टायपिस्टची टकटक थांबली. पाहुणे जाळीला नाक लावून उभे राहत आणि दवाखान्यातल्यासारखे हळू बोलत. दोन कुटुंबांनी वेळेआधीच सामान बांधलं. त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा "येतो की आम्ही तुझ्याकडे, बघू" असं अप्पांच्या तोंडून निघून गेलं. काकूंनी ते ऐकलं.

त्यांनी हात पुसले आणि समोर येऊन बसल्या. "निरीक्षकांनी काय सांगितलं होतं? त्यांच्याच शब्दांत सांगा."

"पाहुणे आणि पक्षी यांच्यामध्ये कुंपण पाहिजे."

"आत कोण, बाहेर कोण, ते सांगितलंय?"

अप्पांनी मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा वाचलं. "तसं... नाही सांगितलेलं."

"मग जाळी काढा तिथली."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम सुरू झालं. खुराड्याभोवतीची जाळी निघाली आणि तंबूंभोवती लागली. मुख्याध्यापक परत आले होते, त्यांनी खांब धरले. पुन्हा मुक्कामाला आलेल्या हिशेबाच्या बाई फीत घेऊन प्रत्येक खांबाचं अंतर तपासत होत्या आणि त्यांनी अप्पांना दोनदा खड्डा परत खणायला लावला. न्हाणीघरांकडे जायला दोन्ही बाजूंनी जाळी लावलेली एक गल्ली काढली. सगळं झाल्यावर पाहुणे आत उभे राहिले, काकूंनी फाटक लावून घेतलं, आणि कोंबड्यांना बाहेर मोकळं रान मिळालं.

अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पैसे देऊन आलेली माणसं आपण जाळीत घातली, उद्या कुणाला तोंड दाखवू? तेवढ्यात मोठ्या मॅडम डौलात चालत कुंपणापाशी आल्या. एक डोळा जाळीला लावून त्यांनी आतल्या माणसांची पाहणी केली, रांगेने, एकही न वगळता. मागून हेडक्लार्क आली. मग जी ती येऊन जाळीशी उभी राहिली. आतून कुणीतरी आधी हळूच हसलं. मग हसण्याचा असा लोंढा आला की मुख्याध्यापकांना खांबाचा आधार घ्यावा लागला. एक बाई फोनवर बहिणीला सांगत होती, "अगं, इथे कोंबड्यांनी माणसं पाळली आहेत. तू निघच."

"पण या आत उडी मारतील ना?" अप्पांनी काकूंना विचारलं. "खुराड्याच्या जाळीवरून मारत होत्याच की."

"तिथे कोंडल्या होत्या म्हणून मारत होत्या. आता सगळं जग बाहेर आहे, दाणे बाहेर आहेत. आत काय आहे त्यांना?"

आणि त्या खरंच उडाल्या नाहीत. जाळीला हात जाईल एवढी भोकं पाडून अप्पांनी बाहेरून गवताची खोकी लावली होती, त्यांत त्या अंडी घालू लागल्या. आतून हात घालून ज्याला सापडेल त्याचं अंडं. रिकामा हात निघाला तरी कुणी तक्रार करत नसे, कारण आता दोष कोंबडीचा नसून नशिबाचा होता. पलीकडच्या हॉटेलातले लोक नावेत बसून ही माणसं बघायला येऊ लागले.

फौजदारांचा प्रश्न काकूंनी परस्पर सोडवला. अंगणात आणि खुराड्याभोवती साठलेलं खत त्यांनी टोपल्या भरभरून भिंतीपलीकडे नेलं, स्वतःच्या हाताने वाफे नीट केले आणि वरून काटेरी फांद्या लावून दिल्या. थोड्याच दिवसांत फौजदारांच्या झाडांना अशी फुलं आली की पाहुणे भिंतीवरून माना लांब करून बघू लागले. अर्ज मागे घ्यायला फौजदार स्वतः कचेरीत गेले आणि तिथे त्यांनाही तीन टेबलं फिरावी लागली. "काय बेशिस्त आहे," ते येऊन अप्पांना म्हणाले.

ठरल्याप्रमाणे निरीक्षक आले. कुंपणाभोवती फिरले. पुस्तक काढलं, ते पान वाचलं, मिटलं, पुन्हा वाचलं. तेवढ्यात सहाव्या तंबूच्या सावलीत, कुंपणाच्या चांगलीच आत, पंख पसरून पडलेली एक कोंबडी त्यांना दिसली.

"ही आत कशी?"

अप्पा खांबाची तार उगाच ओढून बघू लागले.

"ती रजेवर आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "पाहुणी म्हणून आलीय."

निरीक्षकांनी काकूंकडे पाहिलं. कोंबडीकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तो त्यांनी ताबडतोब आवरला. "कुंपण आहे," एवढंच म्हणून ते निघून गेले.

त्या रात्री अप्पांनी लेकीला फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी न बोलता ते म्हणाले, "आम्ही येत नाही. तूच ये चार दिवस. तुझी आई काय करते ते बघायला ये." वडिलांच्या तोंडून आईचं कौतुक ऐकायची त्या मुलीला सवय नव्हती. सांगायची सवय अप्पांनाही नव्हती. ते म्हणून झाल्यावर त्यांनी रिसीव्हर विनाकारण पुसून ठेवला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज मात्र मध्येच थांबला होता.

सुट्टीच्या दिवशी एक गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. साध्या कपड्यातले निरीक्षक उतरले आणि त्यांनी हात देऊन आपल्या म्हाताऱ्या आईला उतरवलं. काखेत पुस्तक नव्हतं. ते थोडे संकोचलेलेच दिसत होते.

"एखादा तंबू मोकळा आहे का? हिला कोंबड्या बघायच्या होत्या," ते म्हणाले. "मालक आहेत का?"

टेबलामागे बसलेले अप्पा उठून उभे राहिले. त्यांनी म्हातारीला आपली खुर्ची दिली आणि बाहेर पायरीवर आले. उतारावर, उन्हात, टोपलं कमरेवर घेतलेल्या काकू दाणे टाकत होत्या.

"आहेत," अप्पा म्हणाले. "त्या तिथे आहेत. बोलावतो."